जुन्या हॉलिवूडच्या पिक्चरला व्हिएन्नाचं म्युझिक कसं काय?

परभणीकर:
राम राम मंडळी. परवा रात्री लाइट गेली म्हणून मोबाइलवर 1933 चा किंग काँग बघत बसलो, पिक्चर जुनाट वाटला पण म्युझिक ऐकून उठून बसलो राव. एवढा मोठा ऑर्केस्ट्रा, एकदम ऑपेराच्या, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकाच्या थाटाचा. नाव बघितलं तर मॅक्स स्टायनर, जन्म व्हिएन्नाचा. त्या काळातले दुसरे बघितले तर ते पण युरोपातलेच. ही काय भानगड हाय? आणि आपल्याकडं असं कुणी आलं होतं का?

बँडवाल्याचा पोरगा, नांदेड:
भौ, स्टायनर 1914 लाच अमेरिकेत आला, न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर नाटकांचं म्युझिक करून 1929 ला हॉलिवूडात. पण बरेच जण हिटलरमुळं पळाले. फ्रान्झ वॅक्समन नावाच्या संगीतकाराला तर 1934 ला बर्लिनच्या रस्त्यात नाझी गुंडांनी मारलं, त्यानं देशच सोडला. कोर्नगोल्ड म्हणजे व्हिएन्नाचा ज्यू संगीतकार, 23 व्या वर्षी ऑपेरा गाजवलेला माणूस, 1938 ला रॉबिन हूड पिक्चरच्या कामाला हॉलिवूडला गेला अन तिकडं हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला, पिक्चरमुळं जीव वाचला म्हणायचा. हा गडी रीळ चालू ठेवून, पडद्याकडं बघत पियानो वाजवत वाजवत चाल बसवायचा.

आता म्युझिक असं का, तर ही माणसं ऑपेरात मुरलेली. तिथं प्रत्येक पात्राची आपली एक धून असती. काँगची धून ऐक, तीनच सूर, खाली उतरणारे, बस्स.

माझे वडील बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. नवरदेव घोड्यावरून उतरायला लागला की मास्तर नुसता हात वर करायचे, चालू गाणं तिथंच तोडून सगळे दुसरं धरायचे, एकजण जरी मागं राहिला तरी घरी येऊन शिव्या. स्टायनरचं काम हेच, फक्त घोड्याच्या जागी गोरिला 😄

संभाजीनगरची ताई:
आकाशवाणीची सकाळची ती धून आठवती का, तंबोरा आणि व्हायोलिनवाली? ती वॉल्टर कॉफमनची. ज्यू माणूस, 1934 ला युरोप सोडून मुंबईला आला, रेडिओत वेस्टर्न म्युझिक बघायचा, दिग्दर्शक मोहन भवनानींच्या पिक्चरलाही काम केलं. आमच्या घरी त्या धुनेवर बंब पेटायचा, कुणाला माहिती होतं ती कुठल्या माणसानं केली!

लातूरकर:
ताई, कॉफमन ठीक, पण आपल्या पिक्चरचं श्रेय त्याला देऊ नका बरं का. आपल्याकडं गाणं आलं संगीत नाटकातून, 1932 च्या 'अयोध्येचा राजा' पिक्चरला संगीतकार गोविंदराव टेंबे होते. आणि ऑर्केस्ट्रा उभा केला गोव्याच्या लोकांनी, चर्चमध्ये नोटेशन, म्हणजे सूर कागदावर लिहायला-वाचायला शिकलेले, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा वगैरे. चाल संगीतकाराची, पण कुठं किती व्हायोलिनं घ्यायची हे कागदावर लिहायचे हे. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल गोन्साल्विसांकडं व्हायोलिन शिकले म्हणूनच 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' गाण्यात त्यांचं नाव आलं. गोवा तर 1961 पर्यंत पोर्तुगीजांचा होता, म्हणजे परदेशातूनच आले की!

संभाजीनगरची ताई:
श्रेय कुठं दिलं हो, त्यानं विचारलं म्हणून सांगितलं 🙂

परभणीकर:
भांडू नका, दोन्ही पटलं. आत्ता किंग काँग परत लावला. तो बेटावरचा सरदार चालत येतो ना, त्याच्या एकेका पावलाला ऑर्केस्ट्राचा ठोका हाय, पहिल्यांदा माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. चारदा मागं घेऊन बघितलं, आतून आवाज आला, बंद करता का आता ते माकड.