मॉरिशसचा डिजिटल व्हॅट आणि डेटा कायदा: छोट्या देशाचा हक्क की व्यापारातला अडसर?

पौडरोड:

1 जानेवारी 2026 पासून मॉरिशसने परदेशी डिजिटल सेवांवर 15 टक्के व्हॅट लावला आहे. ऑनलाइन जाहिराती, व्हिडिओची वर्गणी, क्लाउडवरची जागा, बाहेरून घेतलेलं सॉफ्टवेअर, सगळं त्यात आलं. तरतूद 2020 च्या वित्त कायद्यातच होती, पण नियम निघाले नव्हते. अर्थखातं सध्या पंतप्रधान नवीन रामगुलाम यांच्याकडेच आहे. त्यांनी 2025 च्या अर्थसंकल्पात ते मार्गी लावलं.

आमची पुण्यातली छोटी कंपनी तिथल्या गेस्टहाउसवाल्यांना बुकिंगचं सॉफ्टवेअर देते. बातमी आल्यापासून धंद्यातल्या ओळखीच्या मंडळींचा सूर एकच: आता मॉरिशसनेही भिंत घातली. मला हे पटत नाही, म्हणून हा धागा.

राजधानी पोर्ट लुईमधली नोंदणीकृत जाहिरात कंपनी गिऱ्हाइकाला बिल देताना 15 टक्के व्हॅट लावते. तीच जाहिरात कॅलिफोर्नियातून घेतली तर आजवर काही लागत नव्हतं. म्हणजे घरच्याला कर आणि पाहुण्याला माफी. साडेबारा लाखांच्या आसपास वस्ती, नागपूर शहराच्या निम्मी. एवढ्याशा देशाने ही सूट किती दिवस द्यायची? आणि आपण कोणत्या तोंडाने ओरडायचं? परदेशातून येणाऱ्या अशाच सेवांवर आपण 18 टक्के जीएसटी कितीतरी वर्षं घेतोय. शिवाय ऑनलाइन जाहिरातींवर 2016 साली 6 टक्के समानीकरण शुल्क लावलं होतं, ते 2025 च्या एप्रिलमध्ये काढलं.

2017 चा डेटा संरक्षण कायदाही मला अडसर वाटत नाही. युरोपच्या धर्तीवर बेतलेला आहे आणि जानेवारी 2018 पासून लागू आहे. कागदपत्रं करावी लागतात, कटकट आहे, पण एकदा समजून घेतलं की पुढे काय होणार हे कळतं. व्यापाऱ्याला खरी भीती असते ती एका पत्राने रात्रीत बदलणाऱ्या गोष्टींची. मॉरिशसमध्ये तसं नोव्हेंबर 2024 मध्ये घडलंय. त्याबद्दल खाली लिहितोच, आधी तुमची मतं येऊ द्या.

हिशेबनीस:

पौडरोड, तुम्ही अर्धाच हिशेब मांडलात. कर कोणावर लावला हे सांगितलंत, तो शेवटी कोणाच्या खिशातून जातो हे नाही.

एका गेस्टहाउसचं उदाहरण घ्या. महिन्याला 10,000 मॉरिशस रुपयांच्या ऑनलाइन जाहिराती. आता बिल 11,500. मालक व्हॅटमध्ये नोंदलेला असेल तर त्याला वरचे 1,500 त्याने सरकारला भरायच्या करातून वळते करून मिळतात, त्याला फरक शून्य. नोंदलेला नसेल तर 1,500 गेले ते गेलेच. म्हणजे मोठ्या हॉटेलांच्या साखळीला हा कर लागतच नाही आणि चार खोल्या भाड्याने देणाऱ्या बाईला पुरता लागतो. परदेशी कंपनी एक पैसाही स्वतःच्या नफ्यातून देणार नाही, बिलात ओळ वाढवणार.

आणि याच सुमारास, 1 ऑक्टोबर 2025 पासून, नोंदणी सक्तीची होण्यासाठीची उलाढालीची मर्यादा 60 लाखांवरून 30 लाख रुपयांवर आणली. मर्यादेखालच्यांना कर अंगावर, मर्यादेवर जरा सरकलेल्यांना विवरणपत्रांचं ओझं. दोन्हीकडून छोटाच भरडला जातोय. याला समान संधी म्हणणं मला मान्य नाही.

पौडरोड:

मुद्दा बरोबर आहे, पण निष्कर्ष नाही. त्याच बाईने जाहिरात स्थानिक नोंदणीकृत कंपनीकडून करून घेतली असती तर आधीही 15 टक्के भरलेच असते आणि वळते झाले नसते. हा व्हॅटचाच स्वभाव आहे, डिजिटलचा नाही. छोट्यांना दिलासा द्यायचाच तर नोंदणीचा सोपा प्रकार काढा, तिमाहीऐवजी वार्षिक विवरणपत्र करा. त्यासाठी परदेशी कंपनीला कायमची माफी कशाला?

खुलाबाजार:

मी हिशेबनीसांच्याही पुढे जाऊन सांगतो, मॉरिशसला हा करच परवडणारा नाही. या देशाकडे बाजार म्हणून विकायला काय आहे? काहीच नाही. मोठी कंपनी साडेबारा लाख लोकांसाठी नोंदणी, विवरणपत्रं आणि स्थानिक सल्लागार हे सगळं करणार का? आघाडीच्या कंपन्या करतील, कारण त्यांच्याकडे त्यासाठी स्वतंत्र विभागच असतात. मधल्या आणि नव्या कंपन्या सरळ यादीतून मॉरिशस वगळतील. "ही सेवा तुमच्या देशात उपलब्ध नाही" हे वाक्य आफ्रिकेतल्या लोकांना पाठ झालंय. गिऱ्हाइकाची निवड कमी होते आणि आधीच मोठे असलेले आणखी मोठे होतात.

साखरेवर जगणारं बेट कापड, पर्यटन, वित्तसेवा असं करत वर आलं, ते दारं उघडी ठेवल्यामुळे. जागतिक व्यापार संघटनेत ई-कॉमर्सच्या संयुक्त वाटाघाटींत मॉरिशस सहभागी आहे. त्याचा मसुदा जुलै 2024 मध्ये आला. भारत त्यात नाही, उलट त्या प्रकारालाच विरोध करतो. त्यामुळे इथे बसून त्यांना नियम वाढवण्याचा सल्ला देताना जपून. आपल्याकडे 140 कोटींची बाजारपेठ आहे. आपण अट घातली तर कंपनी थांबते. मॉरिशसने अट घातली तर ती पुढच्या देशात जाते.

कात्र बोर्न:

नोकरीनिमित्त गेली काही वर्षं मॉरिशसमध्ये आहे, एबेनच्या सायबरसिटीत काम करतो. (भारताच्या मदतीने उभी राहिलेली ही वसाहत. कोकणातून इथे आलेल्यांची पुढची पिढीही इथल्या कंपन्यांत भेटते, कास्कावेलकडच्या एका सहकाऱ्याशी मी मराठीत बोलतो.)

खुलाबाजार, कराबद्दल तुमचं थोडंफार खरं असेल. डेटा कायद्याबद्दल मात्र उलटं आहे. आमचं बरंचसं काम फ्रान्समधल्या कंपन्यांचं. फोन, तक्रारी, पगारपत्रकं, विमा दावे. फ्रेंच माणसाची माहिती या बेटावर येते तेव्हा फ्रेंच कंपनीचा वकील पहिला प्रश्न विचारतो: तुमच्याकडे कायदा काय आहे? 2017 चा कायदा दाखवता येतो म्हणून पुढचं बोलणं होतं. कायदा नसता तर ते काम गेलं असतं दुसरीकडे. नियम हाच इथला माल आहे.

अडचण आहे ती युरोपच्या बाजूने. युरोपीय संघाने आफ्रिकेतल्या एकाही देशाला "तुमचं संरक्षण आमच्या तोडीचं आहे" असा दाखला दिलेला नाही, मॉरिशसलाही नाही. इथला कायदा त्यांच्याच वळणाचा, मॉरिशस युरोप परिषदेच्या (ही युरोपीय संघाहून वेगळी संस्था) माहिती संरक्षणावरच्या 108 क्रमांकाच्या करारातही आहे. तरी प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर ठरीव कलमांचा वेगळा करार, वेगळी जोखीम तपासणी. मागच्या खेपेला एका गिऱ्हाइकाच्या प्रश्नावलीत सर्व्हरच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, रात्रपाळीत फोन बाहेर ठेवायला लावता का, फुटलेल्या हेडफोनचं काय करता, इथपर्यंत विचारलं होतं. काम मिळालं, पण सही व्हायला जो वेळ गेला त्यात छोटी कंपनी तगली नसती. व्यापारातल्या अडसरांबद्दल बोलायचं तर श्रीमंतांच्या बाजूचे अडसरही मोजा.

खुलाबाजार:

मान्य, तो अन्यायच आहे. पण मॉरिशसच्या स्वतःच्या डेटा कायद्याचं कलम 36 बघा. माहिती देशाबाहेर पाठवायची तर योग्य संरक्षण असल्याचा पुरावा डेटा संरक्षण आयुक्तांना द्या, नाहीतर धोका समजावून माणसाची स्पष्ट संमती घ्या, नाहीतर करार पुरा करण्यासाठी आवश्यक आहे असं दाखवा. आयुक्त ते थांबवूही शकतात. नोंदणी न करता माहिती हाताळली तर 2 लाख मॉरिशस रुपयांपर्यंत दंड आणि 5 वर्षांपर्यंत तुरुंग! चार खोल्यांच्या गेस्टहाउसवाल्या बाईलाही हेच लागू. पुण्यातल्या सर्व्हरवर पाहुण्याचा पासपोर्ट क्रमांक गेला की ती या कलमात आली. पौडरोड, तुमच्या गिऱ्हाइकांपैकी किती जणांनी हे केलंय?

पौडरोड:

आम्ही करारासोबत दोन पानांची माहिती देतो: कोणती माहिती गोळा होते, कुठे साठते, किती दिवस राहते, कोण बघू शकतं. नोंदणीचा अर्ज भरायला मदतही करतो. नोंदणी 3 वर्षं चालते. पासपोर्टचा क्रमांक आता आम्ही साठवतच नाही, कारण अर्ज भरताना प्रश्न पडला की तो हवाय कशाला, आणि उत्तर सापडलं नाही. कायद्याचा फायदा तो हाच. तुरुंगाची तरतूद मलाही जाचक वाटते, नोंदणी राहिली म्हणून कोणाला आत टाकू नये.

भिंत कशाला म्हणतात ते बघायचं तर रवांडाकडे बघा. तिथल्या 2021 च्या कायद्याप्रमाणे वैयक्तिक माहिती देशातच साठवायची, बाहेर ठेवायची तर प्राधिकरणाचं प्रमाणपत्र हवं. त्याआधी 2017 मध्येच दूरसंचार नियामकाने एमटीएन रवांडा या मोबाइल कंपनीला सुमारे 7 अब्ज रवांडा फ्रँक दंड केला होता, ग्राहकांची यंत्रणा युगांडातून चालवली म्हणून. मॉरिशस "आमच्याच जमिनीवर ठेवा" म्हणत नाही, "नीट ठेवा" म्हणतो. आणि आपली रिझर्व्ह बँक 2018 पासून पैशांच्या व्यवहारांची माहिती भारतातच ठेवायला लावतेय, हेही विसरू नका.

कलम एकवीस:

चर्चा सगळी व्यापाऱ्यांची चाललीय म्हणून लिहिते. या देशातल्या लोकांना माहितीच्या संरक्षणाची एवढी काळजी का, त्याला इतिहास आहे. 2013 मध्ये नवीन ओळखपत्र आलं, बोटांच्या ठशांसकट. ठसे मध्यवर्ती साठ्यात ठेवण्याविरुद्ध एक नागरिक न्यायालयात गेला. मॉरिशसचं शेवटचं अपील अजूनही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं, तिथवर लढला. शेवटी 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने ठशांच्या साठवणुकीत त्याच्या खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग झाल्याचं म्हटलं. आधारचा वाद आठवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. जो समाज यातून गेलाय त्याला "कायदा शिथिल करा, गुंतवणूक येईल" हे सांगणं मला अन्यायाचं वाटतं. कलम 36 माझ्या मते अजून कडक हवं.

पौडरोड:

आता नोव्हेंबर 2024 बद्दल.

10 तारखेला निवडणूक होती. त्याआधी राजकारणी, पोलीस, पत्रकार यांच्या फोनवरच्या संभाषणांच्या ध्वनिफिती ऑनलाइन फिरू लागल्या. 1 नोव्हेंबरला दूरसंचार आणि इंटरनेटचा नियामक आयसीटीए याने इंटरनेट कंपन्यांना आदेश दिला: 11 तारखेपर्यंत सोशल मीडिया बंद. कारण राष्ट्रीय सुरक्षा. देशात आणि बाहेर इतका ओरडा झाला की दुसऱ्याच दिवशी आदेश मागे घ्यावा लागला. मतदानात सत्ताधाऱ्यांचा धुव्वा उडाला, 62 पैकी 60 जागा विरोधकांच्या आघाडीला.

राजकारण बाजूला ठेवा. आमच्या एका गिऱ्हाइकाचं अर्ध्याहून जास्त बुकिंग फेसबुक पानावरून येतं. त्या दिवशी त्यांचा मेल आला की पान उघडत नाही, पाहुणे चौकशी करतायत, काय सांगू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. 15 टक्के व्हॅट असो की कलम 36, त्याचं उत्तर मी देऊ शकतो, दर ठरवू शकतो, करारात लिहू शकतो. या आदेशाचं काय लिहू? त्यात सुनावणी नाही, आधी सूचना नाही. त्यापूर्वी एप्रिल 2021 मध्ये याच नियामकाने सोशल मीडियाची वाहतूक मधल्या सर्व्हरवरून फिरवून उलगडून बघायचा प्रस्ताव मांडला होता. मोझिला आणि गूगलनेही त्याला विरोध केला, आणि तो बारगळला. तो अमलात आला असता तर तिथल्या कुठल्याही कंपनीने परदेशी गिऱ्हाइकाला गोपनीयतेची हमी कशी दिली असती? एबेनमधलं सगळं काम त्या हमीवर उभं आहे.

राधानगरी:

2021 च्या प्रस्तावाची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. उपाय वाईट होता, शंकाच नाही. तक्रार मात्र खरी होती. लोक तिथे क्रेओल या तिथल्या बोलीत लिहितात. त्यात कोणी धमक्या दिल्या, जातीधर्मावरून विष ओकलं, तर कंपनीकडे ते वाचणारं माणूस असतं का? तक्रार करा, उत्तर येतं "आमच्या नियमांचा भंग आढळला नाही". मराठीतल्या घाण मजकुराची तक्रार करून मलाही हेच उत्तर मिळालंय, आणि आपण तर कोट्यवधी आहोत. देशाचा आकार लहान म्हणून कंपन्या दाद देत नाहीत, मग सरकार हाताला येईल ते हत्यार उचलतं. नुसतं "बंद करू नका" म्हणून भागणार नाही. व्हॅटपोटी नोंदणी करायला लावताच आहात, तर क्रेओल जाणणारी माणसं नेमा ही अटही घाला.

खुलाबाजार:

अट घालायला हरकत नाही, पण ऐकणार कोण, हा माझा पहिलाच प्रश्न परत येतो. एकट्या मॉरिशसचं कोणी ऐकणार नाही. आफ्रिकी मुक्त व्यापार क्षेत्राचा डिजिटल व्यापारावरचा मसुदा आफ्रिकी संघाने फेब्रुवारी 2024 मध्ये स्वीकारला. सगळ्यांनी मिळून एक नोंदणी, एक नियमावली केली तर कंपन्या बसून बोलतील. प्रत्येक देशाने आपापला कर आणि आपापला अर्ज काढला तर पन्नास-पंचावन्न अर्ज भरणारा व्यापारी शोधून सापडणार नाही. आदेशाने बंद करण्याबद्दल पौडरोडशी मी पूर्ण सहमत.

हिशेबनीस:

एकत्र नोंदणी झाली तर माझा विरोध निम्मा गळून पडेल. उरलेला निम्मा त्या चार खोल्यांवाल्या बाईसाठी. 12 फेब्रुवारी 2024 ला तिथे यूपीआय आणि रुपे सुरू झालं, भारतीय पाहुणा आता क्यूआर दाखवला की पैसे देतो. 1 एप्रिल 2021 पासून भारत आणि मॉरिशसमधला व्यापार करारही लागू आहे, आपल्या सेवाक्षेत्राला सुमारे 115 उपक्षेत्रं त्यात खुली आहेत. म्हणजे पैसे येण्याची वाट सोपी झाली. खर्चाची वाट महाग झाली. पौडरोड, तुमच्या सॉफ्टवेअरच्या बिलावर 15 टक्के लागले तर ते तुम्ही सोसणार की तिच्या बिलात टाकणार?

पौडरोड:

नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकांसाठी या वर्षी मूळ दर कमी करतोय, म्हणजे करासकट रक्कम पूर्वीइतकीच राहील. नोंदणी असलेल्यांना ते वळते मिळतात, त्यांना पूर्ण दर. पुढच्या वर्षी हे परवडेल का, ते हिशेब केल्यावर इथेच लिहीन.

कात्र बोर्न:

इथल्या इथे काय मागावं ते सांगतो, कारण सहकाऱ्यांशी हेच बोलणं चालू असतं. कर ठेवा, डेटा कायदा ठेवा, तुरुंगाची तरतूद काढा. आणि आयसीटीच्या कायद्यात लिहा की कुठलंही संकेतस्थळ किंवा ॲप बंद करायचं तर न्यायाधीशाची सही हवी, कारणं जाहीर हवीत आणि मुदत दिवसांत मोजलेली हवी. 2024 ला ज्यांचा आवाज बंद केला होता तेच आज सत्तेत आहेत. त्यांनी हे स्वतःहून करायला हवं.