पीएमचं (प्रोजेक्ट मॅनेजरचं) अर्धं काम स्क्रिप्टने होतं, मग माणसाने का करायचं?

रात्रपाळी

गेल्या शुक्रवारी आमच्या पीएमशी वाजलं, ते इथे मांडतो, टीममध्ये विषय काढला की सगळे लॅपटॉपमध्ये डोकं घालतात. तर आमच्याकडे दर शुक्रवारी क्लायंटला वीकली स्टेटस रिपोर्ट जातो. जिरात, म्हणजे कामांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, किती तिकिटं (कामं) बंद झाली, किती उघडी आहेत, कुठली अडकलीत, कोड ठेवायच्या गिटहबवर किती पीआर, म्हणजे कोडमधले बदल, मर्ज झाले, हे सगळं साहेब दुपारी तीनला बसून एक्सेलमध्ये उतरवतात, मग लाल-पिवळे-हिरवे रंग, मग मेल, साडेपाच वाजतात. मी एका शनिवारी बसून पायथॉनमध्ये दोनशेएक ओळी लिहिल्या. जिराच्या एपीआयला (प्रोग्रॅमने माहिती मागायचं दार) जेक्यूएल, म्हणजे जिराच्या भाषेतला प्रश्न, पाठवायचं, उत्तरात येणाऱ्या जेसॉन मजकुरातून स्टेटस, कोणाकडे आहे, स्टोरी पॉइंट (काम किती मोठं त्याचा आकडा) एवढं काढायचं, गिटहबला मर्ज झालेले पीआर विचारायचे आणि सगळं एका टेबलात बसवून टीमच्या स्लॅक चॅटवर वेबहुकने टाकायचं. चाळीस सेकंद! तीन आठवडे चालवून बघितली, दर आठवड्याला ३० पीआर, टीमचा वेग कसा एकसारखा आहे हेही पहिल्यांदा कळलं.

साहेब म्हणाले, "छान केलंयस, पण रिपोर्ट मीच करणार." का? तर सवय आहे.

माझं म्हणणं असं की रिपोर्ट, रिमाइंडर, स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरलेला टप्पा, संपला की उरलेली तिकिटं पुढे ढकलणं, रिलीज नोट्स, यात डोकं लागत नाही, हे कारकुनी आहे आणि ते माणसाकडून करून घेणं म्हणजे अडीच तासांचा पगार पाण्यात. बोला.

हिंजवडी_फेज_३

शंभर टक्के सहमत. आमच्याकडे पीआर मर्ज झाला की तिकीट आपोआप "रेडी फॉर क्यूए"ला, म्हणजे टेस्टिंगला, जातं. हे बसवताना माझा एक दिवस गेला कारण जिरात स्टेटस हे फील्ड थेट बदलताच येत नाही, आधी त्या तिकिटाला विचारायचं की बाबा तुला इथून कुठे कुठे जाता येतं, मग त्यातल्या ट्रान्झिशनचा आयडी पाठवायचा. आणि स्टोरी पॉइंटला तर नावच नाही, कस्टमफील्ड आणि पुढे पाच आकडे, ते प्रत्येक कंपनीत वेगळे, त्यामुळे दुसऱ्याची स्क्रिप्ट चोरून चालत नाही, हा अनुभव 😄

एक गंमत. स्टँडअपचा (रोजच्या छोट्या मीटिंगचा) रिमाइंडर सकाळी दहाला यावा म्हणून गिटहब अॅक्शन्सच्या क्रॉनमध्ये, म्हणजे वेळापत्रकात, दहा टाकले. तो यूटीसी, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागची वेळ, बघतो हे लक्षातच नाही. आठवडाभर रोज दुपारी साडेतीनला, लोक चहाला निघालेले असताना, "गुड मॉर्निंग टीम".

पिंपळपान

मी स्वतः पीएम आहे, चौदा वर्षं याच धंद्यात, त्यामुळे कारकून म्हटल्याबद्दल आभार.

रात्रपाळी, तुमचे साहेब "सवय" म्हणाले, त्यांना नीट सांगता आलं नसेल. मी सांगते. मागच्या वर्षी आमच्याकडे एक तिकीट होतं, पेमेंट फेल झालं तर पुन्हा प्रयत्न करायचा, असलं काहीतरी. पाच पॉइंटचं. मुलगा नवीन, हुशार, स्टँडअपला रोज म्हणायचा "काम चालू आहे, उद्यापर्यंत होईल". आकड्यांत सगळं ठीक होतं, बाकीची टीम जोरात असल्यामुळे बर्नडाउनची (उरलेल्या कामाच्या आलेखाची) रेघही सरळ खाली. मी शुक्रवारी एक्सेलमध्ये त्या तिकिटाचा नंबर टाईप करत होते आणि टाईप करता करता हात थांबला, कारण तो नंबर मला पाठ झाला होता! म्हणजे हा नंबर मी चौथ्यांदा टाईप करतेय. त्याला बाजूला बोलावलं, चहा मागवला, तेव्हा कळलं की बँकेकडून टेस्टिंगचे लॉगिन-क्रेडेन्शियल्सच आलेले नाहीत आणि कोणाला विचारायचं हे माहीत नसल्यामुळे पठ्ठ्या तीन आठवडे स्वतःच खोटं सर्व्हर बनवून त्यावर काम करत बसला होता. एका फोनमध्ये काम झालं.

ते अडीच तास मी उतरवून घेत नसते हो, वाचत असते. तुमची स्क्रिप्ट चाळीस सेकंदांत टेबल टाकेल आणि ते टेबल कोणीही वाचणार नाही, मीसुद्धा नाही.

रात्रपाळी

पिंपळपान, कारकुनी कामाला म्हटलं, तुम्हाला नाही, तरी लागलं असेल तर माफी.

पण तुमचाच किस्सा माझ्या बाजूने आहे बघा. तुम्हाला चौथ्या आठवड्यात कळलं. जिराच्या एपीआयला तिकिटाबरोबर चेंजलॉग मागितला तर कुठल्या तारखेला स्टेटस बदललं ते सगळं मिळतं, त्यावरून "इन प्रोग्रेसमध्ये सहा दिवसांच्या वर" अशी यादी काढणं म्हणजे दहा ओळी. सातव्या दिवशी कळलं असतं. आणि तुम्ही रजेवर असता, आणि तुमच्या जागी बसलेल्याला तो नंबर पाठ नसता, तर? एका माणसाच्या हाताच्या सवयीवर प्रोजेक्ट चालवायचा का?

टेस्टरबाई

त्या "सहा दिवसांच्या वर"सारखी यादी आमच्याकडे होती, तिचं काय झालं ते ऐका.

बॉट बसवला. तीन दिवस तिकिटाला हात लागला नाही की सकाळी दहाला त्या तिकिटावर बॉटची कॉमेंट, माणसाला टॅग करून, "कृपया अपडेट द्या". पहिला आठवडा मस्त गेला, लोक खरंच लिहायचे. दुसऱ्या आठवड्यात "काम चालू". तिसऱ्या आठवड्यात आमच्या एका सीनियरने फक्त एक टिंब टाकलं. एक टिंब! कॉमेंट पडली की तिकीट अपडेट झालं, बॉट गप्प. पंधरा दिवसांत अख्खी टीम टिंबं द्यायला लागली. मी टेस्टर, मला बग समजून घ्यायला जुन्या कॉमेंट वाचाव्या लागतात, तर एका तिकिटावर ओळीने अकरा टिंबं, मधे मधे बॉटची विनंती. मग एका महाभागाने टिंब टाकायचीच स्क्रिप्ट लिहिली, रोज सकाळी ९:५५ला. म्हणजे एक स्क्रिप्ट विचारायच्या आधीच दुसरी उत्तर देतेय आणि माणसं खाली टपरीवर.

आणि सगळ्यात भारी गोष्ट नंतर सापडली. बॉट तिकिटं शोधायचा "अपडेटेड तीन दिवसांपूर्वी" या अटीवर. पण बॉटने स्वतः कॉमेंट टाकली की तिकीट त्या क्षणी अपडेट होतं ना! म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त ओरडायला पाहिजे ते तिकीट बॉटच ताजं करून यादीतून काढून टाकत होता. मॅनेजरच्या डॅशबोर्डवर शिळी तिकिटं शून्य, आणि बॉटची अप्रेझलमध्ये तारीफ.

रात्रपाळी

🙏 हे अपडेटेडचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण मी वर चेंजलॉग म्हटलंय तो याचसाठी बरा, टिंब टाकून स्टेटसची तारीख बदलत नाही. शिवाय तिकिटावर कॉमेंट न टाकता त्या माणसाला स्लॅकवर खाजगीत मेसेज टाकला असता तर टिंबांची वेळच आली नसती. स्क्रिप्ट वाईट लिहिली हा स्क्रिप्ट लिहिण्याविरुद्धचा मुद्दा होत नाही.

टेस्टरबाई

खाजगीत मेसेज आला असता तर म्यूट केला असता, एवढाच फरक. आणि तुमच्या चेंजलॉगलाही लोक तिकीट मागे-पुढे सरकवून फसवतील, एक दिवस थांबा. टिंबं का पडली ते बघा. मशीनला उत्तर द्यायची लाज कोणालाच वाटत नाही. पिंपळपान ताईंनी चहा मागवून विचारलं तेव्हा त्या मुलाने टिंब दिलं नाही.

मुक्काम_म्युनिक

इकडची एक गोष्ट, वादात भर म्हणून. मी असाच उत्साहात "कोणी किती तिकिटं बंद केली, कोणाकडे किती दिवस पडलंय" असा माणसागणिक रिपोर्ट स्क्रिप्टने काढला आणि टीमच्या चॅनलवर टाकला. तासाभरात बॉसचा फोन, आधी काढ ते. जर्मनीत बऱ्याच मोठ्या कंपन्यांत कामगारांनी निवडलेली परिषद असते, बेट्रीब्सराट म्हणतात, आणि कायद्याच्या कलम ८७ प्रमाणे कामगाराच्या वागण्यावर किंवा कामगिरीवर नजर ठेवू शकेल असं कुठलंही तांत्रिक साधन आणायचं तर परिषदेची संमती लागते. माझी ऐंशी ओळींची पायथॉनही त्यात आली म्हणे. शेवटी नावं काढून फक्त टीमचे आकडे ठेवले.

तेव्हा वैताग आला होता, आता वाटतं बरं झालं. पुण्यात हेच कोणीही शनिवारी घरी बसून करतो आणि सोमवारी कोणाचं तरी नाव लाल रंगात झळकतं.

जुनाट

स्क्रिप्ट चांगली की वाईट यात मी पडत नाही. ती सांभाळणार कोण, ते सांगा.

आमच्याकडे एक मुलगा होता, त्याने असाच रिपोर्ट केला होता, सुरेख, ग्राफबिफ. एपीआयचं टोकन (किल्ली) स्वतःच्या अकाउंटचं, आणि तेही सरळ कोडमध्ये चिकटवलेलं, रेपो (कोडचा साठा) सगळ्यांना उघडा. मुलगा सोडून गेला. एचआरने रीतसर अकाउंट बंद केलं. त्या दिवसापासून एपीआय ४०१ (ओळख पटत नाही) देतोय, स्क्रिप्ट ती चूक गिळून गुमान संपतेय, रिपोर्ट बंद. कोणाला कळलं? कोणालाच नाही. पाच आठवड्यांनी.

आणि त्याआधीचा किस्सा वेगळाच. त्या रिपोर्टमध्ये उघडे बग कायम ५०. आम्ही खूश, बग वाढत नाहीयेत. एके दिवशी जिरा उघडून बघितलं तर १८०च्या वर. जिराचा सर्च न सांगता एका वेळी ५० नोंदी देतो, पुढच्या मागाव्या लागतात, आणि आमचा पठ्ठ्या पहिलं पान मोजून मोकळा. त्यात २०२५ मध्ये जिरा क्लाउडचा जुना सर्च एंडपॉइंट (पत्ता) मोडीत निघाला, नव्यात तर एकूण किती हा आकडाच येत नाही, पुढच्या पानाचं टोकन येतं, ते घेऊन संपेपर्यंत फिरायचं. ज्यांनी लिहून सोडून दिलं त्यांच्या सगळ्या स्क्रिप्टा कोणीतरी पुन्हा उघडून बसलं. ते तास कुठल्या एक्सेलमध्ये धरायचे?

रात्रपाळी

जुनाट, पाच आठवडे रिपोर्ट आला नाही आणि कोणालाच कळलं नाही, असं तुम्हीच म्हणताय. मग तो रिपोर्ट कोणी वाचतच नव्हतं! म्हणजे हाताने केला असता तर पाच गुणिले अडीच, साडेबारा तास एका न वाचल्या जाणाऱ्या कागदावर गेले असते. मी तर म्हणतो स्क्रिप्टचा खरा फायदा हाच, बंद पडली की कळतं कुठलं काम नको होतं.

पिंपळपान

हा मुद्दा चांगला आहे, पण अर्धाच. क्लायंट रिपोर्ट वाचत नाही हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. तो रिपोर्ट भांडणाच्या दिवशी लागतो. सहा महिन्यांनी क्लायंट म्हणतो "तुम्ही उशीर केलात, पेनल्टी भरा", तेव्हा मी तारीखवार मेल काढून दाखवते की तुमच्याकडून मंजुरी येत नाहीये हे आम्ही या या शुक्रवारी लाल रंगात कळवलं होतं. नेमके ते पाच आठवडे कोरे असले तर जुनाटच्या कंपनीने काय दाखवायचं? आणि त्या लाल ओळीतलं वाक्य, म्हणजे क्लायंटला दोष तर द्यायचा पण दुखवायचं नाही, ते जेसॉनमधून येत नाही.

नवखा_२२

मधेच विचारतो, जॉइन होऊन चार महिने झालेत. वर्कलॉग (कामाचे तास) भरायची स्क्रिप्ट केली तर चालेल का? रोज २८८०० सेकंद, म्हणजे आठ तास, शुक्रवारी एकदम पाच दिवसांचे. तारखेत मिलिसेकंद आणि +०५३० लागतं ते जमलंय.

पिंपळपान

बाळा, नको. क्लायंटला त्या तासांचं बिल जातं. जे काम केलं नाहीस त्याचे तास मशीनने लिहिले तरी नाव तुझंच.

हिंजवडी_फेज_३

ताई, हाताने भरतात तेही आठ-आठच भरतात हो सगळे, शुक्रवारी पाच वाजता, आठवून आठवून 😄

पिंपळपान

ते मला माहीत नाही असं समजा.

जुनाट

रात्रपाळी, एक राहिलं. तुम्ही वर लिहिलंय तीन आठवडे चालवली, दर आठवड्याला ३० पीआर. तीनदा बरोब्बर ३०? गिटहबचा एपीआय न सांगता एका पानात किती देतो, बघा जरा.

रात्रपाळी

...

बघितलं. ३० देतो. जास्तीत जास्त १०० मागता येतात, मी मागितलेच नव्हते. एकूण किती तो आकडा त्याच उत्तरात वरच्या ओळीत येत होता आणि मी खालची यादी मोजत बसलो. मागच्या आठवड्यात ४७ होते.

साहेबांचं एक्सेल उघडून बघितलं. त्यात ४७.

दुरुस्त केलंय, आता शेवटच्या पानापर्यंत जाते, टोकनही माझ्या नावाचं काढून सर्व्हिस अकाउंटचं (कोणा एकाच्या नावाचं नाही असं) मागितलंय. सोमवारी साहेबांना सांगणार आहे, आकडे स्क्रिप्टचे घ्या आणि लाल ओळी तुम्ही लिहा. अडीच तास अजूनही जास्तच आहेत यावर मी ठाम आहे.

टेस्टरबाई

.