ईव्हिल पात्र घेतलं म्हणजे माणूसच वाईट?

सराफ्याचा_सावकार: काल इथे कुणीतरी लिहिलं, "गेममध्ये ईव्हिल पात्र घेणारे मुळातच विकृत, सर्व्हरवरून हाकला त्यांना." रात्रभर डोक्यात किडा वळवळला, म्हणून लिहितोय. नेव्हरविंटर नाइट्स या कॉम्प्युटरवरच्या रोल-प्ले गेमच्या एका सर्व्हरवर तीन महिने मी लॉफुल ईव्हिल (नियम पाळणारा, पण दुष्ट) सावकार खेळलो. नवख्यांना सोनं व्याजी द्यायचं, हप्ता चुकला की तलवार जप्त. करार मात्र माझ्याकडून कधी मोडला नाही, कुणाला मारलंही नाही. लोक हौसेनं कर्ज काढायला यायचे! एका रविवारी पोहे-जलेबी आणायला खाली उतरलो, पात्र बाजारात तसंच उभं. परत येतो तर चार पॅलाडिन (धर्मासाठी लढणारे योद्धे) मला कापून, पेटी रिकामी करून "दुष्टाचा नाश" म्हणत नाचतायत. आता सांगा, विकृत कोण?

रामबागची_आर्चर: चार टवाळांवरून सगळे पॅलाडिन झोडपायचे? माझ्या भाच्यानं आठवडाभर खाणीत ठोकाठोक करून तलवारीपुरतं लोखंड जमवलं. एका केऑटिक ईव्हिल (नियम न मानणारा दुष्ट) महाशयांनी दोस्ती केली, सगळं लंपास केलं, वर "माझं पात्रच तसं आहे". चोरी पात्रानं केली असेल, पण रात्री न जेवता झोपला तो तेरा वर्षांचा पोरगा. अल्टिमा ऑनलाइन या गेममध्ये (१९९७) खुन्याचं नाव निदान लाल तरी दिसायचं.

सराफ्याचा_सावकार: तो ईव्हिल नव्हे, नुसता हलकट. आणि लाल नाववाले काय लाजून घरी बसायचे?

जुना_डीएम_सुदामानगर: अरे भिया, हे लॉफुल-केऑटिक जिथून आलं, त्या १९७४ च्या मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या रोल-प्ले खेळात गुड-ईव्हिल नव्हतंच. लॉ (नियम), न्यूट्रॅलिटी (मधलं), केऑस (बेबंदी), बस. लॉफुल ते केऑटिक, गुड ते ईव्हिल असा नऊ खणांचा तक्ता १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकात आला आणि तेव्हापासून ही कटकट. ईव्हिल कसं खेळायचं ते मला विचारा. कॉलनीच्या गणेशोत्सवात दुर्योधन केला होता, पुढच्या रांगेतल्या एक आजी महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. आणि दुर्योधन लॉफुल ईव्हिल, शंकाच नको.

गदाधर_छप्पन: लॉफुल? भीमाला विष, लाक्षागृह, यात कुठला कायदा दिसला काका?

जुना_डीएम_सुदामानगर: गदायुद्धात नाभीखाली वार नाही. नियम मोडला कोणी? भीमानं. खूण केली कृष्णानं. बलराम नांगर उगारून धावला तो उगाच? कृष्ण केऑटिक गुड, लिहून घ्या.

गदाधर_छप्पन: देवाला खणात कोंबू नका. आणि मांडीवर थाप अर्जुनानं मारली, कृष्ण त्याच्याशी बोलला फक्त. टीव्हीवर महाभारत शिकलं की असं होतं.

जुना_डीएम_सुदामानगर: बरं बाबा, अर्जुनानं. वार मांडीवरच बसला ना?

गदाधर_छप्पन: भर सभेत द्रौपदीला मांडी दाखवली, तेव्हाच भीमानं प्रतिज्ञा केली होती. दिलेला शब्द पाळणारा लॉफुल नाही, तर कोण?

रामबागची_आर्चर: अर्धा धागा मांडीवर गेला. भाच्याच्या लोखंडाचं काय?

सराफ्याचा_सावकार: ताई, "पात्रच तसं आहे" हे नीचपणावरचं पांघरूण असतं, एवढं मान्य. एवढंच. पॅलाडिनांना माफी नाही. भाच्याला पाठवा, लोखंड देतो. व्याजी.

रामबागची_आर्चर: किती टक्के ते आधी बोला. करार मी वाचणार.

गदाधर_छप्पन: काका, लाक्षागृहाचं उत्तर अजून आलं नाही.