मदत हवी आहे: जुना टाइप १ फॉन्ट ओटीएफ केल्यावर जोडाक्षरं गायब

मंडळी, २००२ सालची एक स्मरणिका पुन्हा छापायची आहे. मजकूर जुन्या टाइप १ (अडोबीचा जुना फॉन्ट-प्रकार) देवनागरी फॉन्टमध्ये आहे, म्हणजे पीएफबी (अक्षरांचे आकार) आणि पीएफएम (अक्षरांची मापं) फायली. जानेवारी २०२३ पासून अडोबीने टाइप १ चा आधारच काढला, त्यामुळे नवं इनडिझाइन (पानं मांडायचं अडोबीचं सॉफ्टवेअर) हा फॉन्ट घेत नाही. फॉन्टफोर्ज या फॉन्ट-संपादकातून ओटीएफ (नवा फॉन्ट-प्रकार) काढला. वळणं जशीच्या तशी आली (टीटीएफ हा दुसरा प्रकार मुद्दाम टाळला, त्यात वक्ररेषांची जात बदलते). पण ‘ष्ट’, ‘द्ध’च्या जागी रिकामे चौकोन! फॉन्ट उघडला की ग्लिफ (अक्षरांचे आकार) जागेवर दिसतात, म्हणजे घोळ एन्कोडिंगचा (कोणत्या क्रमांकाला कोणता ग्लिफ, याचा) असावा. ओटीएफ काढण्याआधी कोणतं एन्कोडिंग लावायचं? पीएफएममधलं कर्निंग (अक्षरजोड्यांमधलं अंतर) कसं आणायचं? मजकूर युनिकोडमध्ये (आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात) बदला असं कृपया सुचवू नका, तसं केल्यावर १६० पानांची मुद्रितं पुन्हा वाचायला माणूस नाही.