हरिपाठ रोज म्हणते पण मन लागत नाही, तुमचं कसं जमलं?

सांजवात, ठाणे

नमस्कार मंडळी, लिहिणं थोडं लांबेल, सांभाळून घ्या. मी शाळेत शिक्षिका होते, आता रिटायर्ड. सासूबाई माळकरी, पंढरीची वारी कधी चुकवली नाही त्यांनी, पण शेवटची काही वर्षं अंथरुणातच होत्या. त्यांना वाचता येईना म्हणून संध्याकाळी दिवा लावला की मी त्यांच्या उशाशी बसून हरिपाठ म्हणायचे आणि त्या ओठ हलवत मागून म्हणायच्या. दिवसभर कितीही दमले असले तरी त्या वेळेला मन असं भरून यायचं की काय सांगू. त्या गेल्या वर्षी गेल्या. मुलगा बंगळुरूला, मुलगी तिच्या संसारात, मिस्टर कामावरून यायला रात्र होते. संध्याकाळ झाली की घर खायला उठतं.

हरिपाठ सोडलेला नाही, रोज सगळे अभंग म्हणते, पण तोंड अभंग म्हणतंय आणि डोकं भलतीकडेच. तो आनंद कुठे गेला कळत नाही. कधी कधी वाटतं की मला देव आवडतच नव्हता का, फक्त सासूबाईंची सोबत आवडत होती? आणि सकाळी उठल्यावर आज आपण नक्की कोणासाठी आहोत हेच कळेनासं होतं. ज्यांना प्रार्थनेतून खरंच बळ मिळतं त्यांनी स्वतःचा अनुभव सांगा प्लीज. अमुक महाराजांकडे जा, तमुक उपाय करा असलं नको.

माळकरी, सातारा

ताई, रामकृष्णहरी. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण तो वाचून राहवलं नाही. देव आवडत होता की सासूबाई, हा भेद आपल्या संप्रदायात केलाच नाही कोणी. पंढरीचा देव विटेवर का उभा आहे? पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता, देव दारात आला तरी त्यानं हातातली सेवा सोडली नाही, वीट भिरकावली आणि थांब म्हणाला. आणि देव थांबला, अजून थांबलाय. तुम्ही सासूबाईंच्या उशाशी बसून जे केलंत ते दुसरं काय होतं. तेव्हा तो आनंद खोटा होता असं मनातसुद्धा आणू नका.

आता मन लागत नाही त्याचं. माऊलींच्या हरिपाठाचा पहिलाच अभंग बघा, देवाच्या दारी क्षणभर उभं राहा एवढंच सांगितलंय. मन लागलंच पाहिजे अशी अट कुठे आहे त्यात? आणि दुसरं म्हणजे हरिपाठ एकट्यानं बसून वाचायला सोपा वाटतो पण तो खरा उभ्यानं, टाळ घेऊन, चार माणसांत म्हणायचा. आमच्या गावात रोज संध्याकाळी देवळात होतो. एक अभंग झाला की सगळे मिळून हरि मुखें म्हणा धरतात, मृदंगाच्या ठेक्यावर पावली पडायला लागते, पाय तालात, हात टाळावर, तोंडात नाम, मग मनाला दुसरीकडे जायला वेळच मिळत नाही. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडा असतो, थंडीत उठून जायचं जिवावर येतं पण परत येताना जे वाटतं ते दिवसभर पुरतं. जवळपास भजनी मंडळ शोधा ताई, एवढंच सांगेन.

वसईवाला

मी ख्रिस्ती आहे पण तुमचं वाचून आमची आजीच आठवली म्हणून लिहितोय. आमच्या घरी संध्याकाळी सगळे मिळून रोझरी म्हणायचो, दहा दहा मण्यांचे पाच भाग असतात तिचे. आजी प्रत्येक भाग सुरू करताना मोठ्याने सांगायची की हा कोणासाठी. शेजारची कोणी दवाखान्यात असेल तिच्यासाठी, कोणाच्या पोराची परीक्षा असेल त्याच्यासाठी, एकदा तर बांधावरून ज्यांच्याशी भांडण चाललं होतं त्यांच्यासाठीसुद्धा म्हणायला लावलं होतं, आणि आम्ही पोरं एकमेकांकडे बघत राहिलो होतो. तेव्हा काही कळलं नाही, आता कळतं. माणूस डोळ्यासमोर असला की मन भरकटलं तरी त्याच्यापाशी परत येतं. आणि ज्याच्यासाठी रात्री प्रार्थना केली त्याला दुसऱ्या दिवशी फोन केल्याशिवाय राहवत नाही, आजी तर डबा घेऊन जायचीच. तुम्ही विचारलंत ना की आपण कोणासाठी आहोत, मला तरी त्याचं उत्तर तिथूनच मिळत गेलं.

परकं वाटून घेऊ नका हं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं गात मोठी झालेली आम्ही माणसं, आणि ते स्वतःच सांगायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तुम्ही सासूबाईंच्या नावाने एक अभंग म्हणून बघा, मग दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने.

नाइट_ड्यूटी

मी नर्स आहे त्यामुळे आधी कामाचं विचारते, राग मानू नका. झोप लागते का? पहाटे जाग येऊन परत डोळा लागतच नाही असं होतं का, जेवण कमी झालंय का? वर्षानुवर्षं कोणाची सेवा केली आणि ते माणूस गेलं की अख्खा दिवसच रिकामा पडतो, हे मी पेशंटच्या घरच्यांमध्ये खूप पाहिलंय. असं काही असेल तर डॉक्टरांना दाखवा, किंवा सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. प्रार्थना करणाऱ्या माणसाने डॉक्टरकडे गेलं तर देवावरचा विश्वास कमी होतो असं अजिबात नाही, दोन्ही करायचं.

बाकी माझं म्हणाल तर मी ड्यूटीवर जायच्या आधी पसायदान म्हणते. १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाल्यावर माऊलींनी मागितलेलं मागणं, ९ ओव्या, आणि त्यात स्वतःसाठी काही नाही. दुष्टांचं वाईट होवो असंही नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावो असं आहे. वॉर्डात नातेवाईक अंगावर येतात, शिव्या देतात, तेव्हा ती ओवी मला खरोखर उपयोगी पडते. मला वाटतं मागणं मोठं असलं की माणूस आपल्याच दुःखात गोल गोल फिरत नाही.

एकटा_वारकरी, पुणे

माळकरी दादांचं पटतं पण थोडं वेगळं मत मांडतो. चार माणसांत जायला प्रत्येकाला लगेच जमत नाही, दुःख ताजं असताना तर नाहीच. ताई, तुम्ही तुकोबांचा याती शूद्र हा अभंग वाचा, त्यात त्यांनी स्वतःचीच हकीकत सांगितलीय. दुष्काळात पैसा गेला, मान गेला, बायको अन्न अन्न करत गेली, धंद्यात खोट आली. मग काय केलं, तर देवाचं देऊळ भंगलं होतं ते नीट करावंसं वाटलं. म्हणजे आधी हाताला काम आलं. आणि पुढे ते एकादशीच्या कीर्तनाबद्दल सांगतात की नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं. सुरुवातीला मन त्यात नव्हतं असं खुद्द तुकोबा सांगतायत! मला हे वाचलं तेव्हा एवढा धीर आला की सांगता येत नाही, कारण मीपण वडील गेल्यावर नुसता जप ओढत होतो.

आणि मन लागत नाही तर तेही देवालाच सांगा की. जनाबाई तर त्याला अरे विठ्या म्हणून फैलावर घेते. रुसणं, भांडणं, सगळं चालतं तिथे, चालत नाही ते गप्प बसून परकं होणं. मी काही दिवस हरिपाठ बाजूला ठेवून फक्त बोलायचो, मोठ्याने, कोणी घरात नसताना. हळूहळू परत अभंगाकडे आलो.

सांजवात, ठाणे

तुम्हा सगळ्यांचे उत्तर वाचून खूप रडले, पण बरं वाटलं. पुंडलिकाची गोष्ट वर्गात कितीदा सांगितलीय पोरांना आणि स्वतःला लावून पाहायची कधी सुचली नाही. वसईच्या दादांनी सांगितलं तसं काल केलं, एक अभंग सासूबाईंच्या नावाने आणि एक आमच्या मजल्यावर एक मुलगी नुकती बाळंत झालीय, माहेरचं कोणी नाही तिला, तिच्या नावाने. आज दुपारी जाऊन तिचं बाळ थोडा वेळ घेतलं, तेवढ्यात तिची अंघोळ झाली. उद्या परत ये म्हणालीय. नर्सताई, हो, पहाटे जाग येते आणि मग झोप नाही. डॉक्टरांची वेळ घेते.

आमच्या इथे विठ्ठलमंदिरात बायकांचं भजनी मंडळ आहे, पण मला चाली येत नाहीत आणि गळा तर मुळीच नाही. नुसतं जाऊन बसलं तर चालतं का?

माळकरी, सातारा

चालतं म्हणजे काय, धावतं. वर पुण्याच्या दादांनी ज्या अभंगाचं सांगितलं त्यातच तुकोबा पुढे म्हणतात की जे पुढे गात होते त्यांचं धृपद, म्हणजे अभंगाची परत परत येणारी ओळ, मी मागे धरलं. तुम्हीही तेच करा. पहिले काही दिवस मागच्या रांगेत उभ्या राहा, धृपद सगळ्यांच्या तोंडी असतं ते आपोआप येतं, चाल कानात बसली की मग पुढचं. टाळ लगेच विकत घेऊ नका, मंडळाकडे जादाचे असतात, आधी नुसता ठेका धरायला शिका. आणि एकादशीला पहिल्यांदा जाऊ नका, गर्दीत कोणी शिकवायला मोकळं नसतं, साध्या दिवशी जा आणि पेटी वाजवणाऱ्या बाईंना सरळ सांगा की मी नवीन आहे. अभंग तर तुमचे सगळे पाठ आहेत, मंडळात नव्याने येणाऱ्या किती जणींचे असतात तेवढे? रामकृष्णहरी.