विषय: बैठकीच्या १४ फुटी छताला क्राउन मोल्डिंग

नमस्कार मंडळी,

माझं माहेर दारव्ह्याजवळच्या खेड्यात. मातीच्या भिंतींचं जुनं घर, बैठक १६ बाय २२ फूट, उंची १४. वर सागाच्या कड्या, त्यावर पाट्या, त्यावर माडी. फेब्रुवारीत भाच्याचं लग्न घरूनच आहे. त्याआधी छताखाली चारही बाजूंनी नक्षीची पट्टी फिरवावी असं माझ्या मनात आहे. इथं न्यू जर्सीत आमच्या ९ फुटी डायनिंग रूमला साडेतीन इंची एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) पट्टी मी स्वतः लावलीय, त्यामुळं हात बसलाय. भाऊ म्हणतो पीओपी करून टाकू. बाबा म्हणतात, काहीच करू नका.

इथून पॉलियुरेथेनच्या (कडक फोमच्या) पट्ट्या बॅगेतून नेता येतील का? आणि १४ फुटांवर साडेतीन इंच पुरतील का?

*

ताई, नमस्कार.

बॅगेचं आधी सांगतो. विमान कंपन्या साधारणपणे लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटरची बॅग घेतात. ८ फुटी पट्टी त्यात बसवायची तर तिचे तुकडे करावे लागतील, आणि ७६ फुटांच्या घेरात दर चार फुटांवर सांधा दिसेल. नका नेऊ.

साडेतीन इंच तर अजिबात नाही. १४ फुटांवर ती सुतळीसारखी दिसते. सात-आठ इंच तरी हवेत. एकसंध एवढी रुंद पट्टी महाग पडते, म्हणून सुतार तीन जोडून करतात: वर एक सपाट, मधे नक्षीची, खाली एक गोल कडेची. खालून बघणाऱ्याला एकच वाटते.

आता माझी फजिती. मागच्या वर्षी मीही आमच्या घरी (पुसदकडे) हेच केलं. नागपूरहून एमडीएफ आणलं, थेट कड्यांना भिडवून खिळलं, वर पुटी-रंग. श्रावणात माडीवरून थोडं पाणी झिरपलं आणि दोन पट्ट्या भिजलेल्या खारीसारख्या फुगल्या. दिवाळीत पाहिलं तर उरलेल्यात उधई. मिस्त्री परांचीवरूनच म्हणाला, "भाऊ, घर हालते. तुमी दोन्हीकून खिळून काहून टाकलं?"

तो खरंच बोलत होता. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतातल्या भेगेत काठी घालून पाहिली असेलच तुम्ही. तीच माती पायाखाली आहे, म्हणून भिंतींचे कोपरे दरवर्षी थोडे उघडतात, मिटतात. शिवाय माडीवर पोट्टे धावले की कड्या लवतात. पट्टी भिंतीला आणि कडीला दोन्हीकडं जखडली की ताण तिच्यावरच येतो.

म्हणून माझं म्हणणं असं की छताला भिडवूच नका. कड्यांच्या खाली सहा-आठ इंच सोडून, फक्त भिंतीला लावा. वरचा तेवढा भाग छताच्याच रंगात रंगवा. छत कुठंच पाणसळीत नसतं. आमच्याकडं लेव्हल पाइप लावला तर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन बोटांचा फरक निघाला. भिडवलेली पट्टी हा फरक चव्हाट्यावर आणते, खाली सोडलेली गिळून टाकते. दोन भिंतींवर कड्यांची टोकं आत शिरतात, तिथं प्रत्येक कडीभोवती खाच कोरायचं कामही वाचतं.

लाकूड घ्याल तर जुनं वाळलेलं साग घ्या. नवीन संसद भवनालासुद्धा नागपूरचंच साग गेलं, आपल्याला घरबसल्या मिळतं तर एमडीएफच्या मागं कशाला लागायचं? कोपऱ्यात दोन पट्ट्या ४५ अंशांत कापून जोडू नका. गुण्या लावून बघा, एकही कोपरा काटकोनात नसेल. एक पट्टी सरळ भिंतीपर्यंत न्या, दुसरीचं टोक पहिलीच्या नक्षीबरहुकूम बारीक करवतीनं कोरून तिच्यावर बसवा. लाकूड आकसलं तरी फट कमी दिसते. लांब भिंतीवर मधला सांधा तिरपा कापा.

पीओपीच करायचं तर भाऊसाहेबांना सांगा, मातीच्या गिलाव्यावर ते नुसतं धरत नाही. टोचे मारा, जाळी ठोका. मिस्त्री पत्र्याचा साचा कापून, भिंतीवर ठोकलेल्या पट्टीच्या आधारानं ओल्या पीओपीवरून ओढत नेतो, पाहत राहावं असं काम आहे! घमेलं मात्र लहान कालवा, १५-२० मिनिटांत ते घट्ट होतं. आणि कूलरच्या खिडकीजवळ पीओपी नको. एप्रिल-मेमध्ये तो ओला वारा थेट तिथंच आदळतो, आमच्याकडं तेवढाच भाग काळा पडला.

थर्माकोलच्या पट्ट्या कुणी सुचवल्या तर लक्षात ठेवा, ऑइलपेंटमधल्या थिनरनं त्या वितळतात.

शिडीवरून करू नका. बल्ल्या-फळ्यांची परांची पूर्ण भिंतभर बांधा, डोकं छतापासून वीतभर खाली राहील अशी. दिवाळीनंतर लगेच सुरुवात केलीत तर फेब्रुवारीपर्यंत रंगही वाळेल.

*

दादा, खूप आभार.

तुमचा मेल फोनवर बाबांना वाचून दाखवला. "छताखाली सहा-आठ इंच" ऐकताच म्हणाले, तिथं पट्टी आहेच की, पणजोबांचे फोटो कशावर टांगलेत वाटतं तुला? लहानपणापासून ते पुढं झुकलेले फोटो पाहतेय, पण मागं काय आहे ते कधी पाहिलंच नव्हतं. भावानं चढून खिळ्यानं खरवडलं. चुन्याचे कितीतरी थर, आणि खाली साग, चार बोटं रुंद. तिन्ही भिंतींवर आहे. रस्त्याकडच्या भिंतीवरची बहुधा खिडकी मोठी करताना काढली.

तेव्हा आता चौथ्या भिंतीपुरतीच करायची. चुना कसा काढू? भाऊ कॉस्टिक सोडा म्हणतोय.

*

ताई, सोडा नको, साग काळं पडतं. कोमट पाण्याचा बोळा लावून भिजू द्या आणि बोथट पटाशीनं खरवडा. वेळ लागेल. चौथी पट्टी करताना जुनीचा एक तुकडा सुताराला नमुन्याला द्या, नाहीतर तो त्याच्या मनाची नक्षी काढतो.