टिथोनियाला नुसती पानंच पानं, फुलं कधी येणार?

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. आम्ही परभणीकडचे, अंगणात काळी भारी जमीन. जूनच्या पावसावर टिथोनियाचं बी टाकलं होतं, म्हणजे ते मेक्सिकन सूर्यफूल, भगवं फूल येतं आणि फुलपाखरं लई येतात म्हणे. उगवण झकास झाली, आता झाडं खांद्याच्या वर गेलीत पण कळीचा पत्ता नाही. ऊन दिवसभर आहे. सासूबाई म्हणतात शेणखत जास्त झालं, मलापण तेच वाटतंय कारण हे झाड हलक्या जमिनीत चांगलं फुलतं आणि खत जास्त झालं की पाला माजतो, पण टाकलेलं खत आता काढणार कसं, मग शेंडे खुडू का थांबू?

दुसरा डाउट, पाकिटावर फक्त टिथोनिया लिहिलंय. भगव्या फुलाची रोटंडिफोलिया वर्षभरातच संपते, पण पिवळ्या फुलाची डायव्हर्सिफोलिया वर्षानुवर्षं राहते, दिवस लहान झाल्यावर फुलते आणि वाट्टेल तिथं पसरते. तीच निघाली तर शेजारच्या शेताचं काय? (तिचा पाला हिरवळीचं खत म्हणून भारी असतो, तेवढंच समाधान.) फूल यायच्या आधी पानांवरून ओळखता येतं का कुणाला? फोटो कमेंटमध्ये टाकते.

आणि हो, खोड पोकळ असल्यानं वाऱ्यात फांद्या मोडायल्यात. सध्या तुराट्या रोवून सुतळीनं बांधलंय, याच्यापेक्षा बरं काही असेल तर सांगा.